अठ्ठावीस की चाळीस

धाकट्या भावाला, राजरत्नला, बरोबर आणणं म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं आहे, हे मृणालला नौपाड्यातल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानात शिरल्या शिरल्याच कळून चुकलं. कॅमेरा तिला हवा होता, पैसे तिचे होते, वापरणार ती होती. आणि काउंटरमागचा सुश्रुत नावाचा पोरगेला विक्रेता पहिल्या वाक्यापासून राजरत्नशी बोलत होता.

“सर, मॅडमना साधारण कशासाठी हवाय?”

मॅडम सरांच्या शेजारी हातभर अंतरावर धडधडीत उभ्या होत्या. कल्याणच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षं भल्याभल्या टारगट पोरांना जीवशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे आवाजही काही बसलेला नव्हता.

“माणसांसाठी,” मृणाल म्हणाली. “चेहऱ्यांसाठी.”

“ओके. तर सर, हे दोन ऑप्शन बघा,” असं म्हणून सुश्रुतने दोन्ही कॅमेरे राजरत्नपुढे ठेवले.

दोन्ही पर्समध्ये सहज मावतील एवढे. दोन्हींच्या पोटातला सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यांच्या तोडीचा. आणि दोन्हींची लेन्स कायमची जडवलेली. झूम नाही, लेन्स बदलायची सोय नाही. एक अठ्ठावीस मिलिमीटरचा, म्हणजे रुंद बघणारा. खोलीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं की उरलेली सगळी खोली फोटोत. दुसरा चाळीसचा. तो थोडंच बघणार, पण चेहरा जसा आहे तसा ठेवणार. एकदा घेतला की त्याच्याशीच संसार. त्यामुळे मृणाल गेला महिनाभर वाचत होती, लोकांचे फोटो पाहत होती आणि ठरवता येत नाही म्हणून स्वतःवरच चिडत होती.

राजरत्नला ठरवायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. त्याने चार व्हिडिओ बघितले होते. “सोप्पंय ताई, अठ्ठावीस घे. मेगापिक्सेल बघ ना किती आहेत. सगळं येतं त्यात. जवळचं पाहिजे असेल तर नंतर कापून घ्यायचं. चाळीसवाल्यात जे आलं नाही ते आलंच नाही.”

“करेक्ट, सर.”

कापून घ्यायचं! मृणालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे शब्द बोलायला जगात कोणाची जीभ धजावली तरी राजरत्नची धजायला नको होती.

कारण गेल्या वर्षी त्यांची आई, सरोज, गेली तेव्हा तिचा एकटीचा असा एक धड फोटो घरात निघाला नव्हता. आयुष्यभर ती फोटोत मागच्या रांगेत. कोणाचंही लग्न असो, बारसं असो, सरोजबाई कोणाच्या तरी खांद्याआडून डोकावणार. मग राजरत्नच्याच लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून तिला कापून काढलं. स्टुडिओवाल्याने शेजारणीचा खांदा पुसला, मागे निळं आकाश भरलं आणि सांगितलेलं नसताना बाईला गोरं केलं. आई तव्यासारखी काळी होती आणि देखणी होती, पण स्टुडिओत या दोन गोष्टी एकत्र बसत नसाव्यात. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. आईच्या कपाळावर दोन भुवयांच्या मधोमध गोंदलेली उभी रेघ होती, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. ते मात्र राजरत्नने स्वतः शेजारी बसून काढायला लावले. जुन्या धर्माची खूण आहे, म्हणाला. आपण बौद्ध, आईच्या पुण्यानुमोदनाला माणसं येणार, विहारात फ्लेक्स लागणार, त्यावर हे बरं दिसत नाही.

त्या दिवशी मृणाल पांढऱ्या साडीत फूल घेऊन फ्लेक्ससमोर उभी राहिली आणि तिला रडूच येईना. फ्लेक्सवरची बाई तिच्या ओळखीची नव्हती. सगळ्यांना वाटलं, किती धीराची आहे बाई. धीर कसला, तिला संताप आला होता आणि कार्यक्रमात तो गिळावा लागला होता. तो अजून घशातच होता.

आता तसा चेहरा असलेली एकच बाई उरली होती, आईची धाकटी बहीण शालनमावशी. मावशीने ऐंशी ओलांडली होती. फोनने तिचा फोटो काढला तर फोन त्या स्टुडिओवाल्याचाही बाप. न विचारता सुरकुत्या गिळायचा, कातडी गुळगुळीत करायचा, रंग उजळायचा. म्हणून हा कॅमेरा. मावशी आहे तोवर, मावशी आहे तशी.

“भाड्यानेही देता ना तुम्ही?” मृणालने विचारलं. “रविवारसाठी दोन्ही द्या.”

“सर, दोन्ही नेणार?” सुश्रुतने राजरत्नला विचारलं.

“सरांना नको विचारू. सर नुसते आलेत,” मृणाल म्हणाली.

रविवारी दोघं बहीण-भाऊ आंबिवलीला गेले. राजरत्नला कोणी बोलावलं नव्हतं, पण आपण गेलो नाही तर ताई चुकीचा कॅमेरा घेईल अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मावशी बैठ्या चाळीतल्या एका खोलीत राहायची. पोरं आपापल्या फ्लॅटमध्ये बोलावून थकली, पण तिने चाळ सोडली नव्हती. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली चौकटीत सरोज. तीच, निळ्या आकाशातली. राजरत्ननेच हौसेने फ्रेम करून दिली होती.

“जय भीम, मावशी.”

“जय भीम. कॅमेरा आणलास का गं? थांब मग, लुगडं बदलते.”

मावशी कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, केसांना पाणी लावून पलंगावर बसली. मृणालने आधी अठ्ठावीसचा हातात घेतला. राजरत्न म्हणाला होता ते खोटं नव्हतं. पलंग, फळीवरची भांडी, बाबासाहेब, गॅसची शेगडी, सगळं आलं. मावशीही आली, पण भांड्यांइतकीच. मग मृणाल जवळ गेली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. आता चेहरा मोठा आला खरा, पण नाक पुढे धावलं आणि कान मागे पळाले.

मावशीने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर स्वतःला बघितलं. “अगं, हे काय वांगं काढलंस?”

मृणालला हसू आलं. तिने चाळीसचा घेतला. आता उलटी अडचण. मावशी काही चौकटीत मावेना. मृणाल मागे सरकली, कपाटावर आदळली. दार उघडून उंबऱ्याबाहेर गेली, तरी मागे सरकत राहिली, ती थेट समोरच्या घराच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत.

“बघ, म्हणून सांगत होतो,” राजरत्न आतून ओरडला. “आपल्या घरांत चाळीस चालत नाही. हॉल पाहिजे त्याला.”

 मृणालने बोळातूनच मावशीला हाक मारली, “मावशी, दारात ये. स्टूल घेऊन ये.” मावशी दारात येऊन बसली. पत्र्याच्या दोन छपरांमधून जेवढा उजेड खाली यायचा तेवढा सगळा तिच्या तोंडावर पडला. मृणालने बराच वेळ बटण दाबलंच नाही. मावशी आधी फोटोसाठी बसतात तशी ताठ बसली, मग कंटाळली, मग लेन्सकडे बघायचं सोडून मृणालकडे बघायला लागली. तेव्हा मृणालने फोटो काढला.

पडद्यावर सगळं होतं. काळा रंग होता, कोरड्या शेतासारख्या भेगा होत्या, कपाळावरची रेघ होती, हनुवटीवरचे ठिपके होते आणि एका डोळ्यात ‘आटप आता’ असा भाव होता. मृणाल तिथे बोळातच उभी राहून रडली. वर्षभर न आलेलं रडू तिला असं चपला न घालता, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली आलं.

डोळे पुसून ती आत आली तेव्हा राजरत्न मान खाली घालून फोनवर काहीतरी करत होता. “थांब हां, झालंच,” तो म्हणाला आणि त्याने विजयी मुद्रेने फोन पुढे केला. “हे बघ. तू बाहेर होतीस तेव्हा अठ्ठावीसमधला फोटो फोनवर घेतला. कापला, थोडा ब्राइट केला. काय कमी आहे सांग? ग्रुपवर पाठवलासुद्धा. सगळे म्हणतायत मावशी काय मस्त दिसतात.”

फोटोत एक गोरीपान म्हातारी होती. कपाळ कोरं, हनुवटी कोरी.

“कोणाला विचारून पुसलंस?” मृणालचा आवाज एवढा चढला की शेजारचा टीव्ही बंद झाला. “आईला पुसलंस, तेव्हा मी गप्प बसले. माणसं जमली होती म्हणून गप्प बसले. ही तर जिवंत आहे! तुझ्यासमोर बसलीये! हात कसा वळला रे तुझा?”

“ताई, तू उगाच इश्यू करतेस. ॲपमध्ये एक बटण आहे, आपोआप होतं ते.”

“गोंदण आपोआप जातं?”

राजरत्न जरा गडबडला, पण मागे हटणाऱ्यातला तो नव्हता. “बरं, केलं मी. मग? आईला स्वतःला नव्हतं आवडत ते. बाहेर जाताना ती कपाळावर पदर ओढून घ्यायची. तू विसरलीस, मी नाही विसरलो. जे तिला लपवायचं होतं तेच मी लपवलं. ह्यात काय चुकलं माझं?”

पदर मृणाललाही आठवत होता. राग मावळला नव्हता, पण त्याला पुढे जायला वाट मिळेना.

मावशी स्टूल उचलून आत आली. तिने ते जागेवर ठेवलं आणि मगच बोलली.

“ओढायची ना पदर. तुझ्या शाळेत यायची तेव्हा ओढायची.”

राजरत्नने फोन खिशात टाकला.

“बाजाराला जाताना कधी ओढला का? आमच्या सभेला, मोर्चाला जाताना ओढला का? तुझ्या शाळेत पोरं तुला हसायची म्हणून ओढायची. तुला लाज वाटत होती, बाळा. तिला कुठं वाटत होती?” मावशी पलंगावर बसली. “गोंदणारी आली तेव्हा मी एवढीशी. रडून गाव डोक्यावर घेतलं. सरू म्हणाली, आधी मला गोंद. मी भिऊ नये म्हणून ती आधी बसली. हूं का चूं केलं नाही तिने, रक्त आलं तरी माझ्याकडे बघून हसत होती. मग मी बसले. पुढे दीक्षा घेतली, घरातले देव बापाने नदीत सोडले. बरं केलं. पण कातडं कुठं सोडायचं होतं रे?”

 मग मावशीने हात पुढे केला. “मृणाल, तुझा फोटो दाखव.”

तिने तो डोळ्यांजवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. “ही मी. हा मोठा करून आण. भिंतीवर लावायचा.”

“आणते, मावशी. जपून ठेवते, मग—”

“मग कशाला? येत्या रविवारी.”

राजरत्न दचकला. “मावशी, भिंतीवर असा एकट्या माणसाचा फोटो... म्हणजे माणूस असताना नाही ना लावत. लोक काय समजतील? बरं नसतं ते.”

“काय बरं नसतं? अपशकुन होतो?” मावशीने त्याच्याकडे रोखून बघितलं. “विहारात माईक धरून बावीस प्रतिज्ञा कोण म्हणून घेतं आमच्याकडून?”

सोमवारी मृणाल नौपाड्यात एकटीच गेली. सुश्रुतने दाराकडे बघितलं. “सर नाही आले?”

“चाळीसचा पॅक कर,” मृणाल म्हणाली.

“मॅडम, एकदा विचार करा हां. त्यात नंतर काही ॲड नाही करता येत, आणि क्रॉपलापण फार स्कोप नाही.”

“म्हणूनच घेतेय.”

रविवारी ती फ्रेम घेऊन आंबिवलीला पोचली तर राजरत्न आधीच येऊन बसलेला. हातोडी त्याने घरून आणली होती. आठवडाभर त्याने ताईला एकही फोन केला नव्हता आणि आताही तो तिच्याकडे न बघताच बोलत होता. त्याने कागद काढून मावशीचा फोटो बघितला आणि बघत राहिला. मग स्टुलावर चढून आईच्या फ्रेमशेजारची जागा बोटाने चाचपली.

“इथे ठोकू? दोघी बहिणी शेजारी शेजारी?”

“थांब,” मावशी पलंगावरून म्हणाली. “आधी तो उतरव.”

“कुठला?”

“तोच, निळा. वर्षभर बघतेय मी त्याच्याकडे. तू एवढ्या मायेने आणलास म्हणून बोलले नाही. रोज सकाळी म्हणते, सरू असेल, सरूच असेल. नाहीये रे ती. माझ्या बहिणीच्या जागेवर कुठली तरी परकी बाई बसवलीस तू, आणि मी तिला वर्षभर फूल वाहतेय.”

राजरत्न स्टुलावर तसाच उभा राहिला. हातोडी त्याच्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. मृणालने ती त्याच्या हातातून घेतली. मग त्याने दोन्ही हातांनी आईची फ्रेम खिळ्यावरून काढली आणि छातीशी धरली.

“ताई,” तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून म्हणाला, “लग्नातला तो मूळ फोटो, सगळ्यांचा, तुझ्याकडे आहे?”

“आहे.”

“तिचं कपाळ नीट दिसतं त्यात?”

“दिसतं,” मृणाल म्हणाली. “तुझ्या लग्नात तिने पदर ओढलाच नव्हता.”