भिंतीतली फळी

कपाट दारात अडकलं होतं. दोघे हमाल दोन बाजूंनी घामाघूम झाले होते आणि ऑपरेटरबाई वॉकरला धरून त्यांच्यावर हुकूम सोडत होत्या.

"तिरकं करा. अहो, तिरकं म्हणजे आडवं नव्हे! आरसा फुटला तर काय तुमच्या तोंडाकडे बघून केस विंचरू?"

हमाल हसले आणि त्या हसण्यातच कपाट सुटून आत आलं. पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीला पाठ करून, अगदी घरी होतं तसं उभं राहिलं. बाईंनी दार उघडलं. कडी अजूनही तशीच कुरकुरली. त्यांना एकदम बरं वाटलं.

सगळी उमर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढल्यामुळे त्यांचं नावच ऑपरेटरबाई पडलं होतं. मांडीचं हाड मोडलं, तेव्हा लेकीने त्यांना या वृद्धाश्रमात आणून ठेवलं. "तू चालायला लाग, की त्याच दिवशी घरी," असं ती म्हणाली होती. तेव्हा इथे लोखंडी खाटा होत्या, उठण्याची घंटा होती आणि सगळ्यांची अंघोळ रांगेत उरकायची. मग नव्या व्यवस्थापिका आल्या आणि वारंच फिरलं. घंटा गेली. ज्याला हवं तेव्हा त्याने उठावं. दार वाजवल्याशिवाय कुणी खोलीत यायचं नाही. घरून हवं ते सामान आणावं, हवं तसं लावावं.

"हा दवाखाना नाही, हे तुमचं घर," व्यवस्थापिका प्रत्येकाला सांगायच्या.

"घर आहे हो मला. पाय सरळ झाला की चालले," बाई म्हणायच्या आणि व्हरांड्यात आणखी एक फेरी मारायच्या.

लेक मात्र उत्साहाने सामान आणत होती. आधी पडदे आले, मग दिवा, मग पलंग. एरवी सांगून सांगून तोंड दुखलं तरी जिला साधा स्वेटर आणायला सवड व्हायची नाही, तीच आता हमाल ठरवून पाठवत होती. पोर लहान, नोकरी लांबची, तरी एवढं करते, म्हणून बाईंचा ऊर भरून यायचा. शेजारच्या खोलीतल्या मास्तरांना त्या मुद्दाम ऐकवायच्या.

मास्तरांच्या खोलीत आश्रमाचीच खाट होती आणि आश्रमाचीच खुर्ची.

"तुम्ही काहीच मागवलं नाहीत? घरी काही धड नाही वाटतं?"

"आहे की." मास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "पण जेवढं इथे येईल, तेवढं तिथे मोकळं होईल. आणि मोकळी जागा लोकांच्या डोळ्यांवर यायला कितीसा वेळ लागतो?"

"तुमचे चिरंजीव तसे असतील. माझी लेक तशी नाही."

"नसेलच," मास्तर म्हणाले. जरा लवकरच म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

त्यांनी वाद घातला असता तर बाई त्यांना पुरून उरल्या असत्या. पण ते 'नसेलच' पायात मोडलेल्या काट्यासारखं दिवसभर सलत राहिलं. कपाट पूर्ण रिकामं होऊन आलं होतं. लेकीने आतल्या साड्या, शाली वेगळ्या पिशव्यांतून पाठवल्या होत्या. तळाचा कागदसुद्धा नवा घातला होता. चार दिवसांनी परत न्यायच्या कपाटाला कुणी नवा कागद घालतं का?

दुपारी व्यवस्थापिका दार वाजवून आत आल्या. "छान लागलंय की सगळं! अजून काय आणायचं घरून?"

बाईंनी कपाटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "लेकीला फोन लावून द्या. माझं मीच सांगते."

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक फळी होती. यजमानांनी नव्या संसारात स्वतःच्या हाताने बसवलेली. लोखंडी पाय भिंतीत खोल गाडून वर सिमेंट थापलेलं. भिंत पडेल पण फळी पडायची नाही, असं ते छाती फुगवून सांगायचे. भाड्याचं घर, तरी त्या फळीपुरता त्यांचा मालकी हक्क होता.

"ती फळी हवी मला इथे," बाई फोनवर म्हणाल्या.

आणि कान देऊन थांबल्या. लेक आता ओरडेल. आई, डोकं ठिकाणावर आहे ना, ती भिंतीत आहे, ती कशी आणणार, घरी आलीस की बघ हवी तेवढी! एवढंच ऐकायचं होतं त्यांना. आयुष्यात कधी कुणाच्या नकाराची अशी वाट पाहिली नव्हती.

पलीकडे शांतता होती. लाइन तुटते तेव्हाची शांतता बाईंना ठाऊक होती. माणूस शब्द जुळवत असतो तेव्हाचीही.

"आणते की," लेक म्हणाली. "त्यात काय एवढं!"

रविवारी ती आली. फळी चादरीत गुंडाळून स्वतःच्या काखेत धरून आणली होती. घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून लखलखीत केलेली. पलंगावर ठेवून तिने चादर उलगडली आणि लहानपणी चित्र दाखवायची तशी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाईंनी लोखंडी पायांवरून बोट फिरवलं. टोकाला सिमेंटचं ढेकूळ अजून चिकटलेलं होतं.

"भिंतीला केवढं भगदाड पडलं असेल."

"पडलं थोडं."

"घरमालक बोलले नाहीत?"

"छे! ते म्हणाले, खुशाल काढा, ती भिंत आम्ही पाडणारच आहोत..."

लेकीने ओठ मिटले. उशीर झाला होता. तिने चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"किल्ली केव्हा दिलीस?"

"आई, मी सांगणारच होते."

"केव्हा?"

"तू इथे जरा रमलीस की." लेकीचा आवाज चिरकला. "तू तिथे एकटी पडलीस, सकाळी दूधवाल्याने हाक मारेपर्यंत जमिनीवर होतीस. फोन वाजला की अजून हातातलं टाकून धावते मी. पोराला सांभाळू, नोकरी बघू, की तिकडे धावू? मी कुठे कुठे पुरू? आणि इथे सगळं तुझ्या मनासारखं होतंय ना? पडदे, पलंग... एकेक गोष्ट तुला विचारून केली मी."

"हो," बाई म्हणाल्या. "पडद्याचा रंगसुद्धा विचारलास."

त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. लेक वाट बघत राहिली. आईचं तोंड सुटलं की ती खाली मान घालून ऐकणार होती, मग गळ्यात पडणार होती. लहानपणापासून असंच होत आलं होतं.

दार वाजलं. "येऊ का?" व्यवस्थापिका हसत आत आल्या. "अरे वा, फळी आली! कुठे लावायची सांगा, सुताराला लगेच पाठवते. उंची तुम्ही म्हणाल ती."

"पक्की लावायला सांगा," बाई म्हणाल्या. "आता हलायची नाही ती."

मग त्या वॉकरला रेटा देऊन उठल्या. लेक आधाराला पुढे झाली. बाईंनी हातानेच तिला थांबवलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बैस ना. उन्हातून आलीस. इथे आम्हाला आपला आपला चहा करता येतो."

दारापर्यंत त्या सावकाश गेल्या. उंबरठ्याशी थांबून वळल्या आणि घरी कुणी नवखं आलं की विचारतात तसं, सौम्यपणे, पोटच्या लेकीला विचारलं,

"साखर किती घालायची?"