जखमी नंबर सात

लाल रंगाचे डबे दोन, पट्ट्यांच्या गुंडाळ्या चौदा, स्ट्रेचर चार, जखमी नऊ. थोरलीने सगळं पुन्हा एकदा मोजलं आणि ब्रश बुडवून बाबांच्या डाव्या गुडघ्यावर रक्त रंगवायला घेतलं.

“जरा सढळ हाताने,” बाबा म्हणाले. “पाय मोडलाय माझा, खरचटला नाहीये.”

बाबा शिंपी. चौदाच्या चौदा पट्ट्या त्यांनीच शिवल्या होत्या, तेही कडा दुमडून. रक्त पुसायचं म्हणून काय झालं, दोरे लोंबलेले त्यांना चालत नसत. गळ्यात त्यांनी पुठ्ठ्याचं कार्ड अडकवलं होतं: नंबर सात, पाय मोडलेला, शुद्धीवर.

गावाला ‘वादळसज्ज’ अशी सरकारी मान्यता मिळाली की वेशीवर पाटी लागणार होती आणि दवाखान्याला रुग्णवाहिका मिळणार होती. नगरपालिकेच्या हवामान कक्षात काम करणाऱ्या थोरलीने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. मागच्या तालमीत सगळं जमलं, फक्त खोट्या जखमींनी घात केला. सायरन वाजताच नऊच्या नऊ जखमी उठले, आपल्या पायांनी नगरपालिकेच्या तळघरात आले, आणि येताना माणुसकी म्हणून स्ट्रेचरही उचलून घेऊन आले. तालीम बघायला आलेल्या सरकारी निरीक्षकाने नापासचा शेरा मारला.

तेव्हापासून थोरली हट्टाला पेटली होती. घोषणा खऱ्या संकटातली असते तीच, शब्दाला शब्द, तालमीतही द्यायची असं तिने ठरवलं. जखमींची परीक्षाही ती घेई. गेल्या आठवड्यात सराव चालू असताना तिने भोंग्यावरून पुकारलं होतं, बाबा, घरी पाहुणे आलेत, उठा. बाबा उठले. अख्ख्या चौकासमोर तिने त्यांना झापलं होतं: मेलात तरी स्ट्रेचर आल्याशिवाय उठायचं नाही. लोक पोट धरून हसले. बाबा त्या रात्री मान खाली घालून जेवले.

आज निरीक्षक अकराला यायचा होता. बाबांची जागा गावाच्या टोकाला, लाकडाच्या वखारीमागच्या चरात. स्ट्रेचरवाल्यांचा कस लागावा म्हणून थोरलीनेच ती निवडली होती. उशी काखेत मारून ते तासभर आधीच निघाले.

“पडून पडून मान आखडते,” ते म्हणाले. “आज बघच तू. हूं की चूं करणार नाही.”

ती कक्षात परतली तेव्हा वायुभारमापकाचा काटा जिथे कधीच जात नसे तिथे जाऊन बसला होता. तिने काचेवर टिचकी मारली. काटा आणखी खाली आला. तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरच्या टेहळ्याचा फोन आला. नदीपलीकडे वाऱ्याचा खांब उभा राहिलाय, तो सांगत होता, झाडं उपटत इकडेच येतोय. पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

दहा अठराला तिने सायरनचं बटण दाबलं.

खिडकीतून चौक दिसत होता. बेकरीवाली काकू, जखमी नंबर चार, दारात आली, घड्याळाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, पिठाचे हात पुसले आणि रस्त्याच्या मधोमध आडवी झाली. न्हाव्याने डोक्याखाली वर्तमानपत्र घेतलं आणि तोही झोपला. बाकी लोक हसत, एकमेकांना ढकलत तळघराकडे निघाले. साहेब लवकर आला वाटतं, कुणीतरी म्हणालं.

थोरलीने माईक ओढला.

“ही तालीम नाही. पुन्हा सांगते, ही तालीम नाही.”

काकू ठरल्याप्रमाणे कण्हू लागली.

थोरलीचा हात माईकवर तसाच राहिला. दर तालमीला तिने हेच वाक्य म्हटलं होतं. खालच्या दारात मोटार थांबली आणि निरीक्षक टोपी धरून आत धावला. त्याच्या मागे आभाळ हिरवट काळं झालं होतं.

“आपण नापास झालो,” ती माईकमध्ये म्हणाली. “निरीक्षक परत गेले. तालीम रद्द. सगळ्या जखमींनी उठायचं आणि तळघरात पळायचं.”

काकू ताडकन उठून बसली आणि तिने निरीक्षकाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग तिने मान वळवली, तिला खांब दिसला आणि ती धावली. न्हावी तिच्यामागे. भोंगे गावभर होते, वखारीजवळही एक होता.

“बाबा, तुम्हीसुद्धा. बाबा, उठा. मी खरं सांगते आहे.”

बोलतानाच तिला कळलं की पाहुण्यांच्या वेळीही आपला आवाज असाच होता.

खिडकी चौकटीसकट आत आली. निरीक्षकाने तिला दंडाला धरून जिन्यावरून खाली ओढलं. तळघराचा लोखंडी दरवाजा सहा माणसांनी पाठ लावून धरला होता, तरी तो श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होत होता. वर काहीतरी अवजड फरफटत गेलं, आपटलं, पुन्हा उचललं गेलं. छतातून विटांचा भुगा गळत राहिला. एक बाई मुलाच्या कानांवर हात दाबून बसली होती आणि तिच्या स्वतःच्या कानातून रक्त येत होतं. कुणाला कुणाचं रडणं ऐकू येत नव्हतं.

दरवाजा उघडला तेव्हा चौक ओळखू येईना. निरीक्षकाची मोटार बेकरीत शिरून उलटी पडली होती. थोरलीने स्ट्रेचरचं एक टोक उचललं. दुसरं न सांगता निरीक्षकाने घेतलं. रस्ता नव्हताच. पत्रे, तारा आणि भिंतींवरून ते चढत उतरत गेले. वखारीचा पहारेकरी विजेच्या खांबाला गुंडाळल्यासारखा पडला होता. त्याला रंग कुणी लावला नव्हता. थोरलीने त्याच्या मानेला दोन बोटं लावली, थांबली, आणि हात काढून घेतला.

वखार गेली होती. फळ्या भाल्यांसारख्या जमिनीत रुतल्या होत्या. चरावर एक ओंडका आडवा पडला होता आणि त्याच्याखाली बाबा होते. डोक्याखाली उशी. डाव्या गुडघ्यावरचा रंग वाळला होता. उजवी मांडी नको तिथे वाकली होती, आणि तिच्याखालची माती अजून भिजत होती.

“बाबा.”

ओठ हलले. डोळे मिटलेलेच.

“या वेळेला नाही उठलो,” ते म्हणाले. “स्ट्रेचर आणलंस का?”

“आणलंय.”

त्यांनी एक डोळा उघडला आणि तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.

“साहेब, किती मिनिटं लागली?”

मर्यादा सात मिनिटांची होती. निरीक्षकाने मनगटाकडे पाहिलं. थोरलीकडे पाहिलं नाही.

“सहा,” तो म्हणाला.

बाबांनी डोळा मिटला. थोरलीने त्यांनीच शिवलेली पट्टी मांडीवर आवळून बांधली. मग, जखमी ताब्यात घेताना वेळ लिहायची असते म्हणून, तिने त्यांच्या गळ्यातलं कार्ड उलटं करून मागे लिहिलं. सायरन, दहा अठरा. स्ट्रेचर, दहा एकोणपन्नास. एकतीस मिनिटं.