चिकटलेलं पान

“चालतच नाही रे मेलं!” फोनवर ताई वैतागली होती. “अक्षरन् अक्षर टाइप केलंय. डोळे फुटायची वेळ आली.”

धाकट्याने कपाळाला हात लावला. कंपनीत सगळे त्याला कुलूपवाला म्हणत. संगणकातली माहिती परक्याला वाचता येऊ नये, असे प्रोग्रॅम तो लिहायचा. ताई परदेशात डॉक्टर होती. तिथल्या पोलिसांनी कोठडीत झोडपलेली माणसं तिच्याकडे गुपचूप मलमपट्टीला यायची आणि त्यांची नावं तिच्या संगणकात उघडीच पडली होती. त्या नावांना कुलूप हवं होतं.

पण इथल्या सरकारच्या लेखी असलं कुलूप म्हणजे शस्त्र. देशाबाहेर पाठवायला बंदी. तेच कागदावर छापलं की मात्र खुशाल पाठवा! आता याला काय म्हणावं? त्याने अख्खा प्रोग्रॅम छापून पोस्टाने धाडला. पानांवर क्रमांक तेवढे घातले नाहीत. ताई भोळी, ते आकडेही टाइप करून बसेल. नको तिथे शहाणपणा केला होता त्याने.

कंपनीच्या वकीलबाईंनी सकाळीच बजावलं होतं, “कागद गेले, ठीक आहे. आता मदतीचा एक शब्द जरी तोंडातून गेला, तरी ती निर्यातच धरतात. तुम्ही आत जाल आणि कंपनी बंद पडेल. फोन ऐकतात हो, जपून.”

“वाचून दाखवते, ऐक,” म्हणत ताईने सुरुवात केली. एक पान संपलं, दुसरं सुरू झालं आणि त्याच्या ध्यानात आलं. मधलं एक पान आलंच नव्हतं. मागच्याला चिकटलं असणार.

“पुन्हा वाच,” तो म्हणाला.

तिने वाचलं. तसंच.

“पुन्हा.”

“अरे, काही चुकलंय का? बोल की!”

शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याला स्वतःची लाज वाटली.

“ताई, जेवलीस का?”

“हे काय मधेच?” ती हसली. मग म्हणाली, “थांब हं, दार वाजतंय. या वेळी कोण आलं?”

रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बुटांचे, पुरुषांचे. एक खुर्ची पडली.

“ताई!” तो ओरडला. “पान चिकटलंय गं! मधलं पान! नखाने सोडव!”

पलीकडे कुणीतरी रिसिव्हर उचलला, क्षणभर ऐकलं आणि नीट जागेवर ठेवून दिला.