वंशावळीतला एक बाण

“सर, चौकट गेली, पण बाण राहिला बघा,” वैशाली म्हणाली.

दामोदर सरांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या आत्याची चौकट गेली होती आणि आजोबांच्या नावाखाली बाण तेवढा लोंबत होता. वैशालीने तोही पुसला. रोह्याच्या स्टेशन रोडवर तिचं टायपिंगचं दुकान होतं, आणि सकाळभर खपून तिने सरांच्या कुळाची वंशावळ वर्डमध्ये आणली होती.

मूळ फाइल सरांच्या एकुलत्या मुलीने, मैथिलीने, बंगळूरहून केलेली. तिच्यात नुसत्या ओळी होत्या: एक नाव, बाण, दुसरं नाव. एक ओळ वाढवली की अख्खं झाड आपोआप नव्याने मांडलं जायचं. म्हाताऱ्या नातेवाइकांना फोन करकरून तिने प्रत्येक पिढीतल्या लेकींची नावं मिळवली होती.

कुलमंडळाला ते रुचलं नाही. “काका, मुली परक्या कुळात जातात. आपण कशाला परंपरा मोडायची?” मंडळाचा अध्यक्ष, सरांचा पुतण्या सुश्रुत, पेणहून फोनवर म्हणाला. “वर्डमध्ये आणून घ्या, म्हणजे काढता येतील.”

“बरं,” सर म्हणाले.

सर सगळ्यालाच बरं म्हणत. शाळेत पोरांनी त्यांचं नावच ‘बरं सर’ ठेवलं होतं. सुट्टीत जनगणनेचं काम, बरं. दुसऱ्याची बदली टळावी म्हणून यांची बदली, तेही बरं. भिडस्त माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असं लोक कौतुकाने म्हणत. मैथिलीला बारावीनंतर मुंबईला शिकायचं होतं, तेव्हा थोरले भाऊ म्हणाले, “मुलीला कशाला इतक्या लांब?” सर त्यांनाही बरं म्हणाले. ती पुढे आपल्या हिमतीवर गेली. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही, आणि सरांना तेच खुपत असे.

मुलींची नावं काढायची म्हटल्यावरही ती चिडली नाही. “मी नाही काढणार, बाबा. फाइल पाठवते, तुम्ही बघा,” एवढंच म्हणाली.

फोटो म्हणून डकवली असती, तर वंशावळीतलं अक्षरही हललं नसतं. म्हणून वैशालीने एकेक चौकट, एकेक बाण सुटा करून घेतला होता. आत्या गेल्या, चुलत बहिणी गेल्या, त्यांचे बाणही गेले. शेवटी ‘दामोदर–श्यामला’खालची चौकट आली. सरांनी मान हलवली आणि मैथिली गेली.

“बाण काढते हां, सर.”

“तो राहू दे.”

“पण खाली कोणच नाय.”

“माहीत आहे गं. राहू दे.”

पेणच्या मेळाव्यात वंशावळ भिंतीवर लागली. लोक आपापली नावं शोधून फोटो काढत होते. सुश्रुतने नेमकं त्या बाणावर बोट ठेवलं.

“काका, हा कुठे चाललाय?”

चार माणसं वळली. श्यामलाबाईही नवऱ्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. सरांनी ‘माझ्या मैथिलीकडे’ हे उत्तर तयार ठेवलं होतं, येताना गाडीत मनातल्या मनात त्याची उजळणीही केली होती.

“छपाईची चूक असेल,” सर म्हणाले.

श्यामलाबाई पंगतीकडे निघून गेल्या.

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसली. कासू स्टेशन मागे पडलं, तेव्हा मैथिलीचा फोन आला.

“नीट झालं ना, बाबा? वर्डमध्ये चौकट काढली तरी बाण राहतो. तेवढं बघितलंत ना?”

“बघितलं. एक मुद्दाम ठेवलाय.” सर म्हणाले. “तुझा.”

श्यामलाबाईंनी खिडकीतून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

“नुसत्या बाणाचं मी काय करू, बाबा?” मैथिली हळू म्हणाली. “काढून टाका तो. वाईट दिसतं.”

आता तरी नाही म्हणावं, असं सरांना फार वाटत होतं. श्यामलाबाई वाट बघत होत्या.

“बरं,” सर म्हणाले.