चौदा खटके उजवीकडे

मी एक नळी बोलतेय. रायफलची नळी. तोंडात टोमॅटोच्या वाफ्यातली माती भरलीय, तेव्हा शब्द जरा इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या. एल्डनने मला हातात धरलंय आणि तो त्याच्या मेव्हण्याच्या दारापुढे उभा आहे. दार ठोठावायचं धाडस काही होत नाहीये त्याचं. तेवढ्यात माझी हकीकत सांगून घेते. सांगायलाही लाज वाटते, पण आता लपवून काय करायचंय!

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या सळईला आरपार भोक पाडलं, आत पीळ दिला, बाहेरून काळा रंग चढवला, झाले मी तयार. तिथून थेट अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये एल्डनच्या घरी आले. एल्डन शाळेची बस चालवतो. बस सुरू करण्याआधी तो टायर बघतो, दिवे बघतो, आणि बघितलं की कागदावर पेन्सिलीने बरोबरची खूण करून पुढे वार लिहितो. तीस वर्षांची सवय. घरातसुद्धा दूध संपलं की यादीवर खूण आणि वार.

त्याच्या रायफलचे दोन भाग होतात. खालच्या भागात घोडा आणि दस्ता, वरच्या धडात नळी आणि त्यावर दुर्बीण. दोन खिळ्या काढल्या की धड सुटं होतं. रायफलची पहिली नळी बारीक, गवतातल्या खारी मारण्यापुरती. मोठ्या शिकारीसाठी जाड नळी हवी होती. ती जाड नळी म्हणजे मी.

मला आणायचं ठरलं त्या दिवशी स्वयंपाकघरात नुसती जुंपली होती. टेबलावर राजम्याचं झणझणीत कालवण आणि दालचिनीचे गोड पाव. एल्डनची बायको मर्ना वाढत होती आणि तिचा मोठा भाऊ क्लेटन जेवता जेवता एल्डनला शिकवत होता.

"अख्खं धड वेगळं घे रे बाबा! त्याची नळी त्याला, त्याची दुर्बीण त्याला. एकदा नेम जुळवला की पुन्हा हात लावायचं काम नाही."

"अन् दुसरी दुर्बीण कशाला? एक पाना, पाच मिनिटं, नळी बदलली, तिच्यामागचा बोल्ट बदलला. दुर्बीण तीच, डोळ्याला सवयीची."

"आणि नेम? प्रत्येक नळीचा नेम वेगळा असतो, शहाण्या."

"दुर्बिणीवरची नेमाची चकती किती खटके फिरवायची ते लिहून ठेवायचं. चौदा खटके उजवीकडे फिरवले की ही नळी जुळली. उलटे फिरवले की ती."

"कर काय करायचं ते. एक दिवस तोंडावर पडशील."

मी आले आणि एल्डनने माझ्या तोंडाजवळ कागदाची चिकटपट्टी गुंडाळली. तिच्यावर लिहिलं, 'उजवीकडे १४.' मला भारी मान मिळाल्यासारखं वाटलं. त्या वेगळ्या धडाला हरवून आले होते ना मी! किती फुशारले होते, आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या वर्षी हरणाच्या सोडतीत मर्नाचं नाव निघालं. एका नराचा परवाना. वय छप्पन्न, आयुष्यातली पहिली शिकार. लहानपणी तिचे वडील क्लेटनला घेऊन जायचे आणि हिला म्हणायचे, तू घरी कांदे सोल. त्यामुळे परवाना हातात आल्यावर तिने एल्डनला समोर बसवलं.

"हे बघ, या खेपेला सगळं मी करणार. नळी बसली की खटके मी फिरवणार, नेम मी धरणार, चाप मी ओढणार. तू मध्ये बोट घालायचं नाही. कबूल?"

"कबूल, बाई, कबूल."

उन्हाळाभर तिने बारीक नळीवर सराव केला. काय हात बसला होता तिचा! शिकारीच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी एल्डनने गॅरेजमध्ये बारीक नळी काढून मला बसवलं. एवढ्यावर थांबायचं ना? पण त्याचा जीव राहीना. ती विसरली तर, या विचाराने त्याने दाराकडे बघितलं आणि हळूच दुर्बिणीचे खटके फिरवले. चौदा, उजवीकडे. सवयीने पेन्सिल घेऊन माझ्या पट्टीवर खूणही केली. बरोबर. शनि.

रविवारी सकाळी कुंपणाच्या तारेचं फाटक उघडायला एल्डन ट्रकमधून उतरला. फाटक ताठ, तो घामाघूम. इकडे मर्नाने मला मांडीवर घेतलं. पट्टी वाचायची तिला गरजच नव्हती, आकडा तोंडपाठ होता. खट, खट, खट. मोजून चौदा, उजवीकडे.

अहो, मी आतल्या आत ओरडत होते! थांब बाई, झालंय ते, शनिवारीच झालंय! पण मला कुठली वाचा? कागदावर एक गोळी झाडून बघितली असती तरी चूक कळली असती. मर्ना म्हणालीसुद्धा, "एक झाडून बघू का?" एल्डन म्हणाला, "आवाजाने हरणं उठतील. पट्टी आहे ना, घाबरतेस काय!"

दोनशे पावलांवर नर उभा होता, डावीकडे तोंड करून. मर्ना पालथी पडली, श्वास सोडला, चाप ओढला. तिचा हात केसभरही हलला नाही, मी शपथेवर सांगते. पण गोळी जवळजवळ वीतभर उजवीकडे गेली. खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. नर लंगडत, धडपडत कुंपणाखालून पलीकडे गेला.

पलीकडची जमीन क्लेटनची. जखमी जनावर सोडून जायचं नाही आणि दुसऱ्याच्या रानात न विचारता शिरायचं नाही. मर्ना याच दारात उभी राहिली. हाताला माती, डोळ्यांत पाणी.

"क्लेटन, माझं हरीण तुझ्याकडे आलंय. पोटात लागलंय त्याला."

क्लेटन टोपी घालून बाहेर आला. दुपारपर्यंत शोधलं तेव्हा नर सापडला, जिवंत. शेवटची गोळी क्लेटनने घातली. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "बाबा तुला का न्यायचे नाहीत, कळलं ना आता?"

मर्ना हरणाचे पाय बांधायला लागली. एल्डन तिला मदत करायला वाकला. चूक कुणाची, ते त्याला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं दुसऱ्या दिवशी. त्याने बारीक नळी लावली, चौदा खटके उलटे फिरवले आणि डब्यावर गोळी झाडली. डबा हलला नाही. मग आणखी चौदा उलटे फिरवले. डबा उडाला. चौदा त्याचे आणि चौदा मर्नाचे, हे त्याच्या ध्यानात आलं. तो घरात गेला. मर्ना तिचं शिकारीचं नारिंगी जाकीट चर्चला द्यायच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत घालत होती.

"माझा हात हलला, एल्डन. आपल्याला नाही जमायचं हे."

त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "कॉफी आहे का गं?"

आठ महिने! आठ महिने ती बाई स्वतःला दोष देत राहिली. सराव सोडला, क्लेटनकडे जेवायला जाणं सोडलं. मी भिंतीवर लटकत होते, उत्तर माझ्याच अंगावर लिहिलेलं होतं, आणि मी मुकी. एल्डनने गुपचूप वेगळं धड मागवलं, त्याची दुर्बीण त्याला. आणि मला उचलून मर्नाला दिलं.

"टोमॅटोला टेकू कर. झिजलीय ती."

झिजलीय? त्र्याण्णव गोळ्या सुटल्यात माझ्यातून, फक्त त्र्याण्णव! त्याला मी नजरेसमोर नको होते, एवढंच. पण घाईत पट्टी काढायची राहिली.

आज सकाळी मर्नाने मला वाफ्यात उलटं रोवलं, तोंड मातीत. पण मातीत शिरताना पट्टीत दोरी अडकली म्हणून पुन्हा उपटलं. अंगठ्याने चिखल पुसला. आणि पट्टीवरची खूण वाचली.

"एल्डन!"

तो आला. तिने बोट ठेवून दाखवलं. बरोबर. शनि.

"तू फिरवले होतेस?"

"...हो."

"आणि तुला कळलं कधी?"

"सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

"त्याच."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हरणाने किती सोसलं, एल्डन. आणि मला वाटत राहिलं, बाबांचंच खरं होतं." तिने मला त्याच्या हातात कोंबलं. "क्लेटनच्या दारात मी उभी राहिले होते. आता तू जा. हिला घेऊन जा आणि ती खूण दाखव त्याला."

तर असे आम्ही इथे उभे आहोत. माझ्या तोंडात माती आहे, नसती तरी मला बोलता आलं नसतं. तुम्हाला येतं हो! कुणी आपल्या चुकीचं ओझं वाहत असेल तर त्याच दिवशी सांगून टाका, आठ महिने लावू नका. एवढंच मागते.

एल्डनने टोपी काढली. दार ठोठावलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि क्लेटन दारात आला.

"काय रे? हे काय आणलंस?"

एल्डनने मला पुढे केलं, पट्टी वर करून.

"मर्नाचा हात हलला नव्हता," तो म्हणाला.