अर्धी खुर्ची

"दादांना आधीच आतल्या खोलीत जेवायला घाल आणि दार ओढून घे," थोरले दीर म्हणाले. "साहेबांसमोर तमाशा नको."

त्यांच्या घराला रंग लागत होता, म्हणून त्यांनी आपल्या साहेबांना माझ्याकडे जेवायला बोलावलं होतं. घर माझं, स्वयंपाक माझा आणि हुकूम यांचा! मी पडदे शिवते. कात्री हातातच होती. ती आधी खाली ठेवली, कारण माझ्या रागाचा मलाच भरवसा नाही.

"तमाशा कसला, भाऊजी? दादा जेवणाआधी प्रार्थना म्हणतात. त्याआधी या घरात कुणी घास उचललेला नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"एकदा म्हटली तर माझं काही नाही गं. पण म्हटलेली विसरतात आणि परत सुरू करतात. अन्न गार होतं."

"होऊ दे. मी गरम करीन."

दादा म्हणजे माझे सासरे. वर्षभरात त्यांची आठवण पार उसवलीये. मुलगा कोणता, घर कुणाचं, काही धड राहत नाही. राहिलीये ती एवढी प्रार्थना. तीही काढून घ्यायची? आणि सख्ख्या बापाला पाहुण्यापासून लपवायचं? अहो, जनाची नाही तर मनाची तरी!

नवरा नेहमीप्रमाणे मिठाची गुळणी धरून बसला होता. "खुर्च्या पाच आहेत आणि माणसं सहा," एवढंच पुटपुटला.

"मग मी उभी राहते. दादांची खुर्ची हलणार नाही."

साहेब आले. दादांनी हात जोडले. "देवा, आम्हाला दिलंस तसं भुकेल्यालाही दे. चला, जेवा." साहेबांनी एक घास घेतला, तोच दादांचे हात परत जोडलेले. दुसऱ्यांदा झालं. जाऊबाई पदराआड हसल्या. तिसऱ्यांदा हात वर गेले तेव्हा थोरले दीर खेकसले, "दादा, पुरे! झाली म्हणून!"

दादा दचकले. जोडलेले हात तसेच सुटले आणि काय चुकलं ते शोधत ते ताटाकडे बघत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या घरात त्यांना कुणी गप्प करायचं नाही. घाई असेल त्यानं बाहेर जाऊन जेवावं. दादा, म्हणा तुम्ही."

साहेबांनी मुकाट्यानं चमचा खाली ठेवला. दादांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि डोळे मिटले.

"देवा, या सगळ्यांना दे. आणि ही बाई मला रोज भरवते. कुणाची कोण, ठाऊक नाही. तिला वेळेवर घरी जाऊ दे. तिची माणसं वाट बघत असतील."

यांच्यासाठी मी सगळ्यांशी भांडतेय, आणि मी कुणाची कोण! फार लागलं. पण थोरल्या दिरांसमोर रडणार नव्हते.

"दादा, मी इथलीच. हेच माझं घर."

"मग उभी का?" ते चक्क रागावले. कष्टानं सरकले आणि अर्धी खुर्ची मोकळी केली. "बस. घरातल्या माणसानं उभं राहायचं नसतं."

मी बसले. साहेबांसमोर, जावेसमोर, सासऱ्यांच्या खुर्चीत, त्यांना खेटून.

दादांनी परत हात जोडले. मीही जोडले आणि थोरल्या दिरांकडे रोखून पाहिलं. म्हटलं, उचला घास, बघतेच मी.