बाळंतिणीचं पाणी

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कुणीतरी एम-सील थापून बंद करून टाकलं होतं. दुरुस्तीला आलेल्या विहंगनं स्टुलावरूनच हिंदीत विचारलं, हे कुणी केलं. खाली उभी असलेली रसिका ओशाळून म्हणाली की तिनंच. थेंब बादलीत टपटपायचे आणि बाळ दचकून उठायचं. मग मागे वळून ती म्हणाली, "आई, बाळाला आत घेऊन जा गं, वारा येतोय इथे."

कोलकात्यात, न्यू टाउनच्या त्या फ्लॅटमध्ये मराठी ऐकून एरवी विहंगनं हसून ओळख काढली असती. आज त्यानं फक्त पाना बदलला.

कामावर परतल्याचा पहिलाच दिवस होता. सियालदहच्या खोलीत त्याची बायको यामिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मूल जन्मलं, एक रात्र जगलं आणि गेलं. तेव्हापासून ती बोलायची थांबली होती. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की चार घास खायची. तिच्याशी काय बोलावं ते विहंगला सुचत नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघताना त्याला वाईटही वाटलं नव्हतं, बरंही वाटलं नव्हतं.

"मेन स्विच बंद करा, ताई," तो मराठीत म्हणाला. "पाणी तापलं की फुगतं. जास्तीचं इथनं गळतं. ते गळायलाच हवं, नाहीतर टाकी फुटते."

मराठी ऐकताच रसिकाची आई, सरलाबाई, बाळाला खांद्यावर घेऊन परत दारात आल्या. आडनाव विचारलं, गाव विचारलं. साळवी, तो म्हणाला. आजोबा कोकणातून आलेले, आपण इथलेच, त्यामुळे भाषा जरा मोडकी.

"मोडकी कसली! आमचे जावई बँकेत ऑफिसर, पुण्याचे, पण घरात नुसतं इंग्रजी झाडतात. त्यांच्यापेक्षा तुम्ही बरे."

विहंगनं पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, खालची चकती सोडवली. बोअरचं जड पाणी. कॉइलवर चुन्याचा जाड थर बसला होता, पांढरा, कवटीसारखा टणक. तो ठोकून ठोकून काढू लागला. खपल्या बादलीत पडत राहिल्या. सरलाबाई बोलत होत्या: गीझर बंद, म्हणून लेकीच्या न्हाण्याचं पाणी गॅसवर ठेवलंय, अंगाला तेल लावून झालंय, बाळंतिणीला वेळेवर कढत पाणी मिळायलाच हवं, नाहीतर जन्माची कंबर धरते.

"तुम्हाला मुलंबाळं?"

सकाळपासून दोन घरांत हाच प्रश्न आला होता आणि दोन्हीकडे त्यानं नुसती मान हलवली होती. मराठीत विचारल्यावर मात्र उत्तर तोंडातून निघून गेलं.

"झालं होतं. राहिलं नाही. याच महिन्यात."

रसिका पुढे झाली. आईच्या खांद्यावरून बाळ घेतलं आणि आत गेली. सरलाबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"आणि तिला कोण न्हाऊ घालतं?"

विहंगला प्रश्न कळला नाही. "कोणी नाही. जाते तिची ती नळाखाली."

"गार पाण्यानं? या थंडीत?"

"आईनं सगळं माळ्यावर टाकलं, काकू. तेल, डिंकाचे लाडू, सगळं. म्हणाली, डोळ्यांसमोर नको, पोरगी रडेल."

"रडू दे की मग." सरलाबाईंचा आवाज चढला नाही. "बाळ असो नसो, बाळंतीण ती बाळंतीणच. मूल आहे की नाही ते बघून हाडं दुखतात का?"

विहंग कॉइल पुसत राहिला. नवा व्हॉल्व्ह बसवला, पाणी सोडलं, स्विच लावायला सांगितला. थोड्या वेळानं नळीच्या टोकाशी थेंब जमला आणि पडला. नळी मोरीपर्यंत ओढून दिली की आवाज होणार नाही, असं सांगून त्यानं तेही करून दिलं. महिन्यातून एकदा व्हॉल्व्हची ही दांडी उचलून पाहायची, म्हणाला, आणि पुढची कामं दुसऱ्याला द्यायला कंपनीत फोन केला.

घरी येऊन त्यानं मोठं पातेलं गॅसवर चढवलं. आईनं विचारलं, हे काय. यामिनीला न्हायला, तो म्हणाला. हे बायकांचं काम, तू कशाला, आणि आता कशासाठी, असं ती पुटपुटली.

"बाळंतीण आहे ती, आई."

आईनं दुसरी शेगडी पेटवली आणि तिच्यावर आणखी एक भांडं ठेवलं.

ऊठ म्हटल्यावर यामिनी उठली. मोरीत पाटावर बसली, त्याच्याकडे पाठ करून. विहंगनं पहिला तांब्या खांद्यावर ओतला. वाफ वर आली. दुसऱ्याला तिची पाठ थरथरू लागली. रडतेय की अंगातला गारठा निघतोय, त्याला कळेना. त्यानं तांब्या भरून घेतला.

तेव्हा कुणी न सांगता यामिनीनं हात मागे नेला, पाठीवरचे केस गोळा करून पुढे घेतले, आणि मान खाली वाकवली.